तिसरा स्विच घेण्याआधी पेडलचं रबर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची 18 वर्षांची डिझेल पिकअप रोज पहाटे इंदूरच्या चोइथराम मंडीतून भाजी भरून राऊ-महूकडे जाते. चार महिन्यांपूर्वी ब्रेक लाईट रात्रभर आपोआप जळत राहिला आणि सकाळी बॅटरी बसलेली मिळाली. स्विच बदलला, आठ दिवसांत पुन्हा तेच. दुसरा स्विच टाकला. आता लाईट बंद होतो खरा, पण पेडल चांगलं खाली गेल्याशिवाय लागत नाही, आणि डावीकडचा मंद दिसतो. तिसरा स्विच कुठल्या कंपनीचा घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. आणि पत्र संपवता संपवता एक ओळ टाकली आहे: "गाडी हल्ली थोडी जड चालते, ॲव्हरेजही पडलंय, पण ते नंतर बघू."

ते नंतर बघायचं नाही, आधी बघायचं. मी 30 वर्षं इंदुरात गाड्यांचं वायरिंग केलंय, त्यातली बरीचशी लोहामंडीच्या आसपास, ट्रक आणि पिकअपच्या खाली उताणं पडून. ब्रेक लाईट उशिरा लागणं आणि गाडी जड चालणं या दोन तक्रारी एकाच वेळी एकाच गाडीत आल्या, तर मी त्यांना वेगळं मानत नाही. तुमचा स्विच बहुधा चांगला आहे. पहिलाही चांगलाच असेल.

आधी हा स्विच काम कसं करतो ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. ब्रेक पेडलच्या वर, ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी डोकं घातलं की पेडलच्या दांड्याच्या वरच्या भागाला टेकलेला एक छोटा स्विच दिसतो. अंगावर आटे, मागेपुढे त्याला जागी धरणारे दोन चेकनट, दोन वायरी आणि पुढे बाहेर आलेला प्लंजर. घरातल्या बेलच्या बटणापेक्षा याचं गणित उलटं आहे. प्लंजर दाबलेला असताना करंट तुटलेला असतो. पाय पेडलवर नसतो तेव्हा दांडा मागे येऊन प्लंजर दाबून ठेवतो, म्हणून लाईट बंद. पाय पडला की दांडा पुढे सरकतो, प्लंजर आतल्या स्प्रिंगने बाहेर येतो, पॉइंट जुळतात आणि लाईट लागतो. म्हणजे लाईट बंद ठेवण्याचं काम पेडलचं, आणि ते त्याला चोवीस तास करावं लागतं.

आता त्या दांड्यावर जिथे प्लंजर टेकतो तिथे पुष्कळ गाड्यांत एक भोक असतं आणि भोकात रबराचं किंवा प्लास्टिकचं बटण बसवलेलं असतं. कोणी त्याला बुश म्हणतं, कोणी गुटका. धातूवर धातू आपटू नये एवढंच त्याचं काम. पण 15-18 वर्षांच्या उन्हाने आणि केबिनच्या उकाड्याने ते बिस्किटासारखं होतं आणि एक दिवस चुरा होऊन खाली पडतं. मग प्लंजर टेकणार कशाला? तो सरळ त्या भोकातून आरपार बाहेर येतो. स्विचला वाटतं पेडल दाबलंय. लाईट सुरू, आणि तो चालू राहतो, कारण बहुतेक जुन्या गाड्यांत ब्रेक लाईटचा करंट चावीवरून जात नाही, फ्यूजमधून थेट येतो. दोन बल्ब 21 वॅटचे, म्हणजे 42 वॅट, म्हणजे साडेतीन ॲम्पिअर. रात्रीचे 10 तास धरले तरी 35 ॲम्पिअर-अवर गेले. 75 ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीतला जवळजवळ निम्मा माल. बॅटरी नवी असेल तर गाडी कदाचित सुरू होईल, तीन वर्षांची असेल तर डिझेलचा स्टार्टर 'टक' करून गप्प बसतो.

म्हणून स्विचला हात लावायच्या आधी ड्रायव्हरच्या पायाखालची चटई उचला. काळ्या, पिवळट किंवा मातकट रंगाच्या चुऱ्याचे दोन-चार तुकडे सापडले तर तुमचा तपास तिथेच निम्मा संपला. मी आजवर कितीतरी लोकांना स्विच विकत घेण्यापासून या चटईमुळे वाचवलंय. चुरा झाडून टाकला असेल तर टॉर्च घेऊन दांड्यावरचं भोक बघा. रिकामं असलं तर ओळखाल.

माझा अंदाज सांगतो. तुमचं बटण फुटलं, लाईट जळत राहिला, मेकॅनिकने स्विच बदलला. नवा स्विचही त्याच भोकासमोर बसला, अर्धवट उरलेल्या तुकड्यावर चार दिवस टेकला आणि तुकडा पडल्यावर पुन्हा तेच झालं. दुसऱ्या वेळी त्याने, किंवा दुसऱ्या कुणीतरी, डोकं चालवलं: चेकनट सैल करून स्विचच आत, पेडलकडे, फिरवत नेला. इतका की प्लंजर भोकाच्या काठाला अडकून पूर्ण दबला आणि स्विचचं आट्यांचं अंगच दांड्याला जाऊन भिडलं. लाईट विझला. "हो गया भिया, ले जाओ." आणि गाडी गेली.

पण त्या स्विचच्या अंगाने आता पेडल पुढे ढकलून धरलंय. डोळ्याला दिसणार नाही इतकंच, दोन-चार मिलिमीटर. लाईट उशिरा लागतो तो यामुळे: प्लंजर पार आत दाबलेला असल्याने तो बाहेर येऊन पॉइंट जुळेपर्यंत पेडलला जास्त प्रवास करावा लागतो. आणि गाडी जड चालते तीही यामुळेच.

मास्टर सिलिंडरच्या आत, पिस्टनच्या पूर्ण विश्रांतीच्या जागेच्या अगदी पुढे, एक बारीक छिद्र असतं. पाय काढल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला की हे छिद्र उघडं पडतं आणि लाईनमधलं जास्तीचं ब्रेक ऑइल वरच्या डब्यात परत जातं. पेडल पूर्ण मागे आलंच नाही तर पिस्टनचा रबर वॉशर त्या छिद्रावर बसून राहतो. ऑइल लाईनमध्ये अडकलं. गाडी चालली, ब्रेक लागले, ऑइल तापलं, फुगलं, जायला वाट नाही, म्हणून ते लायनर ड्रमवर दाबतं. घासल्याने आणखी ताप, तापल्याने आणखी दाब. पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूम बूस्टर असलेल्या गाडीत याहून वाईट होऊ शकतं, कारण थोडंसं दबलेलं पेडल बूस्टरचा व्हॉल्व्हही किंचित उघडतं आणि तो स्वतःच ब्रेक मारायला मदत करतो. मोकळ्या रस्त्यावर तुम्हाला एवढंच कळतं की गाडी न्यूट्रलमध्ये सरकत नाही आणि डिझेल जास्त पितेय.

घाटात मात्र हे प्रकरण वेगळं होतं. डॉट 3 जातीचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान 205 अंशांना उकळतं, पण ते हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी ओढलेल्या ऑइलसाठी तोच किमान आकडा 140 अंश आहे. डॉट 4चे आकडे 230 आणि 155. ऑइल उकळलं की लाईनमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल फळीला टेकतं आणि गाडी थांबत नाही. मुंबईच्या रस्त्यावरचा गणेश घाट काय किंवा खंडव्याच्या रस्त्यावरचा भेरूघाट काय, तिथल्या उतारावर एक टन टोमॅटो घेऊन उतरताना ब्रेक आधीच तापलेले असणं म्हणजे काय, हे तुमच्या वडिलांना मी सांगायची गरज नाही. हीच चूक माझ्या हातून एकदा झालीय. नवीन होतो, संध्याकाळची घाई होती, स्विच दोन आटे जास्त आत गेला आणि मी लाईट बघून खूश झालो. दुसऱ्या दिवशी ती गाडी मानपूरहून परत आली ती पुढच्या चाकांतून धूर काढत. मालक शहाणा होता, वेळीच थांबला होता. उस्ताद मला एक शब्दही बोलले नाहीत, त्यांनी फक्त तापलेल्या ड्रमजवळ माझा हात धरून ठेवला.

तेव्हा आज संध्याकाळी हे करून बघा. सपाट रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर गाडी चालवा, ब्रेक कमीत कमी वापरून. थांबल्यावर चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हाताची मागची बाजू न्या, टेकवू नका. ब्रेक न मारता चाकं गरम झाली असतील तर ब्रेक धरतोय. मग मागच्या चाकांना दोन्हीकडून ओट, म्हणजे दगड किंवा लाकडी ठोकळे, लावा, पुढचं एक चाक जॅकवर घ्या आणि हाताने फिरवा. जड फिरलं तर पेडलपाशी जाऊन स्विचचे चेकनट सैल करा आणि स्विच दोन-तीन फेरे मागे घ्या. पुन्हा चाक फिरवा. मोकळं झालं, तर गुन्हेगार सापडला. नाही झालं, तर व्हील सिलिंडर, कॅलिपर किंवा फुगलेली होजपाइप, आणि ते काम ब्रेकवाल्याचं.

आणखी एक जुनी खूण आहे. ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण उघडा, आजूबाजूचं पुसून घेऊन. दुसऱ्याला पेडल अगदी हळू दाबायला सांगा. पहिल्या क्षणी डब्यात तळाशी छोटीशी उसळी दिसली तर ते बारीक छिद्र उघडं आहे. काहीच हललं नाही तर झाकलेलं आहे. तोंड फार जवळ नेऊ नका. हे ऑइल डोळ्यात गेलं तर वाईट, आणि बोनेटवर सांडलं तर रंग उचलतं.

दुरुस्ती दहा-वीस रुपयांच्या बटणाची आहे. स्पेअर पार्टच्या दुकानात "ब्रेक पेडल स्टॉपर" किंवा "स्विचचा बुश" म्हणून मागा आणि जुन्या भोकाचं माप घेऊन जा. मिळालं नाही तर घरी पोचण्यापुरता भोकातून छोटा बोल्ट घालून मागून नट आवळता येतो, डोकं प्लंजरच्या बाजूला. काही लोक तसंच कायम ठेवतात. मला ते पटत नाही, कारण नट सैल होऊन पडला की पुन्हा पहिल्या पानावर, पण रात्रभर बॅटरी उपसण्यापेक्षा बरं. रबराचा तुकडा चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका, उन्हाळ्यात गोंद सुटतो.

बटण बसल्यावर स्विच लावायची रीत अशी: पेडल मोकळं सोडा, ते त्याच्या स्प्रिंगने जितकं मागे येतं तितकं येऊ द्या, हवं तर हाताने ओढून खात्री करा. स्विच सावकाश पुढे फिरवा. लाईट विझला की आणखी थोडा, आणि आट्यांचं अंग व बटण यांच्यात साधारण अर्धा ते एक मिलिमीटर फट राहिली पाहिजे. हॅकसॉचं पातं आत सरकतंय का बघा, तेवढं पुरे. गाडीच्या पुस्तकात वेगळं माप दिलं असेल तर पुस्तकाचं ऐका. चेकनट आवळताना स्विच सोबत फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर फट पुन्हा मोजा. शेवटी पेडल बोटाने दाबून बघा: सुरुवातीचे काही मिलिमीटर अगदी हलके गेले पाहिजेत, आणि खरा ब्रेक लागायच्या आधीच लाईट लागला पाहिजे.

पेडलच्या परत येण्याच्या स्प्रिंगवर आणि खिळीवर दोन थेंब तेल टाकायला हरकत नाही. भाजीच्या गाडीत चिखल आणि पाला पार तिथवर पोचतो.

आता डावीकडचा मंद लाईट. हा वेगळा आजार आहे, स्विचशी त्याचा संबंध नाही. स्विच खराब असता तर दोन्हीकडे मंद झालं असतं. एकाच बाजूला मंद असेल तर दहापैकी आठ वेळा गडबड अर्थिंगची, म्हणजे करंटच्या चेसिसकडे परतीच्या वाटेची. टेल लॅम्पचा बल्ब दोन पॉइंटचा असतो, 21 वॅट ब्रेकचा आणि 5 वॅट पार्किंगचा, आणि दोघांना परत जायची वाट एकच: होल्डरची बॉडी, तिथून छोटी काळी वायर, तिथून चेसिसवरचा बोल्ट. मंडीत ओल्या भाजीचं पाणी मागच्या फाळक्यावरून थेट याच बोल्टवर ठिबकतं. गंज चढतो. फक्त दोन ओहमचा अडथळा आला तरी त्या बल्बला 12 ऐवजी साधारण 9 व्होल्ट मिळतात, आणि फिलामेंटचा उजेड व्होल्टच्या मानाने फार झपाट्याने पडतो. 9 व्होल्टला तो निम्म्याहूनही कमी असतो. अर्थ पूर्णच तुटला तर गंमत बघायला मिळते: ब्रेक दाबला की करंट परतीची वाट शोधत पार्किंगच्या फिलामेंटमधून उलटा जातो आणि भलतेच दिवे मिणमिणतात, कधी मीटरमधले सुद्धा. लोक याला "वायरिंगमध्ये भूत आहे" म्हणतात.

एक हातभर वायर घ्या. एक टोक लॅम्पच्या बॉडीला, दुसरं चेसिसवर खरवडून चकचकीत केलेल्या जागी. उजेड वाढला तर अर्थच. बोल्ट काढा, वायरीच्या टोकाचं थिंबल आणि पत्रा पॉलिश पेपरने घासा, आवळा, वरून ग्रीस चोपडा. होल्डरमधले पितळी पॉइंटही हिरवे झाले असतील, तेही घासा. बल्ब परत लावताना दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर आहेत हे बघून लावा; जबरदस्तीने उलटा बसवला की पार्किंगला ब्रेकचा आणि ब्रेकला पार्किंगचा उजेड येतो. हे मी चांगल्या कारागिरांच्या हातून झालेलं पाहिलंय.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण विचारतो: बॉडीच्या वर जास्तीचे लाल दिवे लावलेत का? इंदुरात निम्म्या पिकअपवर असतात. ते ब्रेकच्या वायरीतूनच टोचून घेतलेले असतील तर स्विचवरचा भार दुप्पट झाला. गरम झालेले दोन बल्ब मिळून साडेतीन ॲम्पिअर घेतात हे खरं, पण थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स गरम असतानाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका असतो, म्हणून लागण्याच्या क्षणी झटका कितीतरी मोठा बसतो, आणि दिवसातून हजार वेळा बसतो. मी काढलेले जुने स्विच फोडून बघायची मला खोड आहे. असे दिवे असलेल्या गाड्यांचे पॉइंट आतून काळे, खड्डे पडलेले निघतात. जास्तीचे दिवे ठेवायचेच असतील तर मधे चार पिनचा रिले टाका, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच. स्विचकडून आलेली वायर 86 वर, 85 अर्थला, 30 वर बॅटरीकडून वेगळ्या फ्यूजमधून करंट, 87 वरून दिवे. मग स्विचला रिलेच्या कॉइलपुरताच करंट सोसावा लागतो.

स्विच खरंच खराब आहे का, हे ठरवायला मल्टिमीटर 20 व्होल्टवर ठेवा. स्विचच्या वायरींचा कपलर लावलेलाच ठेवून मागून दोन्ही वायरींना सुया लावा आणि पेडल दाबा. लाईट लागलेला असून स्विचच्या दोन टोकांमध्ये 0.2 व्होल्टपेक्षा कमी दिसलं तर स्विच ठणठणीत. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर पॉइंट जळालेत, बदला. पूर्ण 12 दिसले तर पॉइंट जुळतच नाहीत. आणि लाईटही नाही, मीटरवर व्होल्टही नाही, तर स्विचपर्यंत करंटच येत नसेल, फ्यूजकडे जा. वायरीच्या रंगावर विसंबू नका, 18 वर्षांत तुमच्या गाडीत किती जणांनी कुठली वायर जोडली असेल देव जाणे. फ्यूजच्या जागी सिगरेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार दिसली तर ती काढून पुस्तकातल्या आकड्याचा फ्यूज टाका. पात्याच्या फ्यूजमध्ये लाल 10चा, निळा 15चा, पिवळा 20चा. पुन्हा उडाला तर मोठा टाकू नका, फाळक्याच्या बिजागरीपाशी वायर सोललेली असेल ती शोधा.

हे सगळं पेडलवरच्या स्विचचं झालं. जुन्या विलीज धाटणीच्या जीपमध्ये स्विच पेडलवर नसून ब्रेकच्या लाईनवर असतो आणि ऑइलच्या दाबाने लागतो. त्यात ॲडजस्ट करण्यासारखं काही नाही. जोरात दाबल्यावरच लाईट लागत असेल, किंवा स्विचच्या टर्मिनलभोवती ओल दिसत असेल तर तो आतून गळतोय. लगेच बदला आणि बदलल्यावर लाईनची हवा काढा. उलट, इंजिन कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या कॉमनरेल डिझेल गाड्यांत चार वायरींचा स्विच असतो. एक जोडी लाईटची, दुसरी इंजिनच्या कॉम्प्युटरला खबर देणारी. त्यात दोन वायरी जोडून "टेस्ट" करू नका.

आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करावं लागतं आणि तिथे ब्रेक लाईट बघतातच, तेव्हा हे काम तसंही टळणार नव्हतं.

सगळं झालं की वडिलांना एक सवय लावा. मंडीत पहाटे अंधारात गाडी रिव्हर्समध्ये दुकानाच्या शटरला लावतात ना, तेव्हा गाडी थांबली की पाय ब्रेकवरच ठेवून दोन्ही आरशांत बघायचं. शटरवर दोन लाल डाग, सारखेच लाल. मग पाय उचलायचा, आणि दोन्ही एकदम विझले पाहिजेत.